‘माथेफिरू’ नावाची सोय

मराठी वृत्तपत्रांना ‘माथेफिरू’ हा शब्द फार प्रिय आहे. कोणी बाजारात बॉम्ब ठेवला, कोणी जमावावर गोळ्या झाडल्या, की दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात हा शब्द हजर! तपास अजून सुरू व्हायचा असतो, निदान मात्र झालेले असते. वृत्तपत्रांचे एकवेळ सोडून देऊ. पण साहित्याच्या वर्गात, चर्चासत्रांत आणि (सांगायला खेद होतो) प्रबंधांतही दहशतवादी पात्राविषयी ‘विकृत मानसिकता’ एवढे दोन शब्द लिहून पुढच्या मुद्द्याकडे वळण्याची जी रीत पडली आहे, तिला आमचा आक्षेप आहे. मनोव्यापार उलगडणे हे ज्यांचे काम, त्यांनीच मनाचे नाव घेऊन विचार थांबवावा, हे अजब आहे.

उलरिके माइनहोफचे उदाहरण घ्या. ती ‘कॉन्क्रेट’ या जर्मन नियतकालिकाची संपादक आणि पश्चिम जर्मनीतील नामवंत स्तंभलेखिका होती. १९७० साली ती सशस्त्र गटात गेली आणि १९७६ मध्ये श्टामहाइमच्या तुरुंगात गळफास लागलेल्या अवस्थेत सापडली. १९६२ मध्ये तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली होती. मृत्यूनंतर तिचा मेंदू मुलींना न कळवता काढून ठेवला गेला, तपासला गेला, वर्षानुवर्षे जतन केला गेला. २००२ मध्ये हे उघडकीस आले, तेव्हा कुठे त्याचे दफन झाले. शस्त्रक्रियेतील इजेमुळे ती आक्रमक झाली असावी, असे एका मनोविकारतज्ज्ञाचे मत पडले. असेलही. पण कोलोनच्या तुरुंगातील एकांतवासात आपल्या मनाचे काय होत आहे, हे या बाईने स्वतःच लिहून ठेवले आहे. डोके फुटत असल्याचा भास, आणि एका लेखिकेच्या बाबतीत त्याहून भयंकर म्हणजे शब्दांचे अर्थच हातून निसटत जाणे. लिहिलेले समोर असताना शास्त्रज्ञ मेंदू तपासत बसले. त्यांचे ते कामच होते. पण लिहिलेले वाचायला आपण साहित्याचे लोक तरी कुठे गेलो?

संपादकांचा विषय निघाला म्हणजे घरचा संपादक आठवावाच लागतो. ३० जानेवारी १९४८ च्या रात्री पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून गांधीजींच्या मारेकऱ्याला वेडा म्हटले. त्या रात्रीच्या शोकात ते स्वाभाविक होते. आपण मात्र तो शब्द पुढे कित्येक वर्षे सोयीने वापरला. नथुराम गोडसे पुण्यात ‘अग्रणी’ नावाचे मराठी पत्र चालवीत होता. न्यायालयात त्याने वेडाचा बचाव घेतला नाही, उलट प्रदीर्घ लेखी निवेदन वाचले. त्याला वेडा ठरवले की त्याचे वाचक, त्याचे वर्गणीदार आणि ते सारे लेखन ज्या भाषेत झाले ती, आम्ही शिकवतो ती भाषा, हे सगळे एका शब्दात निर्दोष सुटतात.

नॉर्वेत २०११ मध्ये ७७ माणसांचा बळी घेणाऱ्या ब्रेइविकविषयी तज्ज्ञांचे दोन अहवाल आले. पहिल्याने त्याला छिन्नमनस्क ठरवले, दुसऱ्याने ते खोडून काढले. २०१२ मध्ये न्यायालयाने दुसरा मानला आणि शिक्षा दिली. मार्था क्रेनशॉ यांनी तर १९८१ मध्येच लिहिले होते की दहशतवाद्यांत समान असे काही उठून दिसत असेल तर तो त्यांचा सर्वसाधारणपणा. एकांड्या हल्लेखोरांत मनोविकाराचे प्रमाण संघटनेतल्यांपेक्षा बरेच अधिक आढळते, हेही खरे. पण विकार असणे आणि विकार हे कृत्याचे कारण असणे, यांत अंतर आहे.

यावर आक्षेप ठरलेला आहे: खुन्यांविषयी सहानुभूती कशाला? उलट आहे. कायदाही वेडाला दोषमुक्त करतो. म्हणजे गुन्हेगाराचा भार हलका करणारे ‘माथेफिरू’ म्हणणारेच. शिवाय ज्यांनी आयुष्यात मुंगीही मारली नाही, अशा असंख्य मनोरुग्णांना हा शब्द खुन्यांच्या पंक्तीला बसवतो.

आणि मनाची खरी पडझड अनेकदा कृत्यानंतर सुरू होते. आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या डोलर्स प्राइसने १९७३ मध्ये लंडनमधील बॉम्बस्फोटांत भाग घेतला. तुरुंगात तिने दोनशेहून अधिक दिवस उपोषण केले. त्यातील बराच काळ घशात नळी घालून तिला सक्तीने भरवले गेले. १९८१ मध्ये ती सुटली ती अन्नच नकोसे होणाऱ्या विकाराने खंगलेली. पुढे दारू आली, नैराश्य आले. १९९८ चा शांतता करार जगाला दिलासा देणारा वाटला. तिला मात्र त्यात आपण केलेल्या सगळ्याचा हिशेब शून्यावर आलेला दिसला. गुप्तपणे मारून पुरलेल्या माणसांना, त्यांत दहा मुलांची एक विधवा आई होती, आपणच गाडीत घालून सीमेपलीकडे नेले, असे तिने अखेरच्या वर्षांत मुलाखतींतून सांगितले. हा पश्चात्ताप, की आपल्याच जुन्या नेत्यांवरचा सूड? आम्हांला दोन्ही दिसतात, आणि ते एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की वेगळे काढता येत नाहीत. १९७३ मध्ये बॉम्ब नेताना तिचे डोके ठिकाणावर होते. २०१३ मध्ये ती गेली, तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या शामक आणि नैराश्यावरील औषधांचे घातक मिश्रण, हे कारण चौकशीत नोंदवले गेले. ‘विकृत मानसिकता’ हे शब्द यांतल्या नेमक्या कोणत्या वर्षाला लावायचे, ते आमच्या आक्षेपकांनी सांगावे.