फर्नेस बदलताय? आधी पर्मिट

आपल्या मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात यंदा तिळगुळाच्या जोडीने एक फोन नंबर हातोहात फिरत होता. फर्नेस काढून हीट पंप लावून देतो, एका दिवसात काम, पर्मिटची भानगड नाही, रोख दिले तर आणखी कमी. ऐकणारे सगळे शिकलेले, आणि सगळेच नंबर उतरवून घेत होते. मला राग आला. तो अजून गेलेला नाही, म्हणून हा लेख.

पुण्यात एसी बसवायला दुकानाचा माणूस यायचा, भिंतीला भोक पाडायचा आणि संध्याकाळच्या चहापर्यंत खोली गार व्हायची. ती सवय इथे कॅलिफोर्नियात चालत नाही. जुनं युनिट काढून त्याच जागी नवं बसवलं तरी इथे पर्मिट लागतं, आणि त्याला कारण आहे. पुण्याच्या त्या खोलीत काही जळत नव्हतं. इथे गराजमध्ये नाहीतर अ‍ॅटिकमध्ये गॅस जळतो आणि त्याचा धूर पाइपातून छपराबाहेर जावा लागतो. तो गेला नाही तर कार्बन मोनॉक्साइड घरात साठतो. त्याला ना रंग, ना वास. बाथरूममधल्या गॅस गिझरमुळे गुदमरून गेलेल्यांच्या बातम्या आपण तिकडच्या पेपरांत वाचल्या आहेत. वायू तोच आहे.

आमच्याच घराचं सांगते. जुन्या फर्नेसचा आणि वॉटर हीटरचा धूर एकाच रुंद पाइपातून वर जायचा. फर्नेस गेली की त्या पाइपावर वॉटर हीटर एकटा उरतो. त्याचा जेमतेम धूर वर पोचण्याआधीच गार होतो आणि घरात परत उतरू शकतो. आमचा कंत्राटदार चांगला होता, तरी हे त्याच्या नजरेतून सुटलं. सिटीच्या इन्स्पेक्टरने पाहिलं आणि पाइप बदलायला लावला. माझ्या नणंदेकडे असंच काम पर्मिटशिवाय झालं. तिचा पाइप कोणी पाहिला? कोणीच नाही. दोन्ही घरांत लहान मुलं आहेत, आणि दोघींचं वॉटर हीटर झोपायच्या खोल्यांच्या खालीच आहे.

पर्मिटच्या फीमध्ये हा दुसरा डोळा मिळतो. त्याच निमित्ताने स्मोक अलार्म आणि कार्बन मोनॉक्साइड अलार्म आहेत का, हेही बघितलं जातं. हा दुसरा अलार्म इथल्या स्वतंत्र घरांना 1 जुलै 2011 पासून सक्तीचा आहे. वायरिंगला ब्रेकर योग्य आहे का, डक्टमधून हवा गळते का, हे प्रश्नही तेव्हाच निघतात.

पर्मिट लागणारं काम करायला कंत्राटदाराकडे लायसन्स हवंच. हीटिंग-कूलिंगसाठी ते सी-20. लायसन्सचा नंबर राज्याच्या बोर्डाच्या साइटवर तपासता येतो. आगाऊ रक्कम 10 टक्के किंवा 1000 डॉलर, यांतली जी कमी असेल तेवढीच मागता येते. "पर्मिट तुम्हीच तुमच्या नावाने काढा" असं कोणी म्हणालं तर सावध व्हा. तसं केलं की कामाची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडते, आणि विमा नसलेला कामगार छपरावरून पडला तर तीही. शिवाय घर विकताना पर्मिटशिवाय केलेले फेरबदल लेखी सांगावे लागतात.

सिटीकडून इन्स्पेक्शनची तारीख मिळायला वेळ लागतो, काही सिटींची फी जास्त आहे, ही तक्रार खरी आहे. त्यावर कौन्सिलच्या बैठकीत आपण बोलायला हवं. पण तो वेगळा लेख होईल.

सूर उपदेशाचा झाला असेल तर माफ करा. घराच्या हप्त्यांनी कंबर किती वाकते ते मला माहीत आहे. उन्हाळ्यात आई-वडील येणार, त्यांना उकाडा सोसणार नाही, म्हणून घाई होते, हेही कळतं. पण ज्यांच्यासाठी ही घाई, तेच त्या घरात रात्री झोपणार आहेत.

म्हणून मंडळाला एक विनंती. आपल्या डिरेक्टरीत हीटिंग-कूलिंगवाल्यांची नावं लायसन्स नंबरासकटच छापा, आणि स्वतः पर्मिट काढणाऱ्यांचीच छापा. नावं कमी भरली तरी चालेल.