इको रिपोर्टमधले ५५ टक्के

जिना चढताना दम लागतो, पायांवर सूज येते, छातीत धडधडते, अशी तक्रार असली की डॉक्टर ‘टू-डी इको’ काढायला सांगतात. रिपोर्ट इंग्रजीत असतो. घरच्यांच्या नजरेत एकच ओळ भरते : ई.एफ. ५५ टक्के. मग सारे हवालदिल होतात, ‘हृदय निम्मंच चालतंय!’ असा गैरसमज पुष्कळ घरांत होतो. म्हणून या आकड्याचा अर्थ समजून घेऊ.

आकडा कशाचा?

हृदयाचा डावीकडील खालचा कप्पा साऱ्या शरीराला रक्त पुरवतो. समजा, हा कप्पा भरला तेव्हा त्यात १२० मिलिलिटर रक्त होते आणि एका ठोक्यात ७२ मिलिलिटर बाहेर फेकले गेले, तर ई.एफ. झाला ६० टक्के. निरोगी हृदयसुद्धा हा कप्पा पूर्ण रिकामा करीत नाही. पुरुषांत ५२ ते ७२ आणि स्त्रियांत ५४ ते ७४ टक्के हे प्रमाण सर्वसाधारण मानतात. तेव्हा ५५ म्हणजे परीक्षेचे मार्क नव्हेत. आकडा ४० किंवा त्याखाली आला, तर मात्र हृदयाचे स्नायू बरेच अशक्त झाले आहेत असे समजावे आणि उपचारात हयगय करू नये.

माणूस मोजतो, यंत्रही मोजते

इकोत क्ष-किरण नसतात. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी छातीत सोडतात व त्यांच्या प्रतिध्वनीतून चित्र तयार होते. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे डॉ. इंगे एडलर आणि पदार्थवैज्ञानिक हेल्मुथ हर्ट्झ यांनी हृदय तपासण्यासाठी हे तंत्र प्रथम वापरले. त्यांचे यंत्र मूळचे कारखान्यातले, धातूतील भेगा शोधण्याचे!

चित्रातील कप्प्याची कड पूर्वी हातानेच आखीत, आजही अनेक ठिकाणी आखतात. एकाच रुग्णाची कड दोघांनी आखली तर उत्तरात पाच-सात टक्क्यांचा फरक सहज पडतो. आता काही यंत्रे ही कड आपोआप आखतात. हजारो इकोचित्रे दाखवून संगणकाला हे काम शिकवलेले असते. अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे ३,४९५ इकोंवर याची परीक्षा झाली. तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. काही इको आधी संगणकाने मोजले, काही तंत्रज्ञांनी. कोणते कोणी मोजले हे तज्ज्ञ डॉक्टरांना सांगितले नव्हते. तंत्रज्ञांच्या मोजणीत त्यांना शंभरातील सुमारे २७ वेळा मोठी दुरुस्ती करावी लागली, संगणकाच्या मोजणीत सुमारे १७ वेळा. म्हणजे यंत्र कामाचे खरे, पण त्याचेही डॉक्टरांनी तपासलेच पाहिजे. रुग्ण स्थूल असला, दम्यासारखा फुफ्फुसाचा विकार असला, तर चित्र अस्पष्ट येते. ठोके अनियमित असले तर प्रत्येक ठोक्याचा आकडा वेगळा निघतो. अशा वेळी यंत्रही चुकते.

काही रिपोर्टांत ‘स्ट्रेन’ असाही आकडा असतो. हृदयाचा स्नायू लांबीत किती आखडतो, हे यंत्र चित्रातील बारीक ठिपक्यांचा माग काढून सांगते. तो साधारण उणे २० असतो. उणे चिन्ह पाहून घाबरू नये. स्नायू आखडतो म्हणून ते चिन्ह येते. कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधांचा हृदयावर होणारा परिणाम ई.एफ. उतरण्याआधीच या आकड्यात दिसू शकतो.

घरच्यांनी काय करावे?

जुने सर्व रिपोर्ट एका पिशवीत जपून ठेवा व प्रत्येक वेळी डॉक्टरांना दाखवा. एका आकड्यापेक्षा चढउतार महत्त्वाचा. शक्य असल्यास पुढचा इको त्याच ठिकाणी काढा. ई.एफ. चांगला असूनही दम लागत असेल, तर दुर्लक्ष करू नका. तसाही हृदयविकार असतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे : आकडा सुधारला म्हणून मनाने गोळ्या बंद करू नका. महिन्याचा औषधखर्च जड जातो, तेव्हा हा मोह होतोच. लंडनमध्ये, हृदय फुगण्याच्या विकारातून सुधारलेल्या २५ रुग्णांच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू थांबवून पाहिल्या. सहा महिन्यांत ११ जणांचा आजार उलटला. गोळ्या चालू ठेवलेल्यांपैकी त्या काळात एकाचाही उलटला नाही. खर्च झेपत नसेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा, स्वस्त पर्याय विचारा. त्यात लाज कसली?