विश्रांतीचे तास आणि नफ्याचे समीकरण

विमान कंपनीचा कारभार आज जितका वैमानिकांच्या, तितकाच गणितज्ञांच्या हाती आहे. कोणते विमान कोणत्या मार्गावर धाडावे, कोणत्या वैमानिकाने कोणती उड्डाणे करून मुक्कामी परतावे, याचे लक्षावधी पर्याय संभवतात. त्यांतून सर्वांत कमी खर्चाचा पर्याय ‘लिनिअर प्रोग्रॅमिंग’च्या साहाय्याने निवडला जातो. या शास्त्राचा पाया १९३९ साली सोव्हिएत अर्थशास्त्रज्ञ कान्टोरोविच यांनी एका प्लायवूड कारखान्याचा प्रश्न सोडविताना घातला, हे विसरता कामा नये. दोष गणिताचा नव्हे.

गणिताला दोन गोष्टी बाहेरून सांगाव्या लागतात : उद्दिष्ट कोणते आणि मर्यादा कोणत्या. खाजगी कंपनीचे उद्दिष्ट ठरलेलेच असते. वैमानिकाची झोप तिच्या समीकरणात येते ती केवळ मर्यादा म्हणून, आणि तीही कायद्याने भाग पाडले तरच. अडीअडचणीसाठी राखून ठेवलेला कर्मचारी या हिशेबात निव्वळ खर्च ठरतो.

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोच्या बाबतीत याच हिशेबाची प्रचीती आली. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रपाळीतील विमाने उतरविण्याची मर्यादा सहावरून दोनवर आणणारे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. त्यांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आला. तयारीला जवळजवळ दोन वर्षे मिळूनही पुरेसे वैमानिक सज्ज नव्हते. हजारो उड्डाणे रद्द झाली, प्रवासी विमानतळांवर अडकून पडले. उरलेल्या जागांचे भाव इतके भडकले की ६ डिसेंबरला सरकारला भाड्यांवर कमाल मर्यादा घालावी लागली. प्रवाशाची निकड जितकी मोठी तितके भाडे अधिक, हेही त्याच गणिताचे दुसरे अंग!

आणि सरकारने केले काय? कंपनीला रात्रकामाच्या काही अटींतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. नियोजन चुकले व्यवस्थापनाचे; कात्री लागली श्रमिकाच्या विश्रांतीला.

आठ तासांच्या दिवसासाठी कामगारवर्गाने दिलेला लढा हाही अखेर समीकरणात एक मर्यादा घालण्याचाच लढा होता. आज कामाचे वेळापत्रक मुकादमाऐवजी संगणक आखतो, एवढाच फरक. म्हणून राखीव कर्मचाऱ्यांचे किमान प्रमाण कायद्याने ठरवावे, वेळापत्रकाचे निकष कामगार संघटनांपुढे खुले करावेत आणि विश्रांतीच्या नियमांना सवलतीची पळवाट ठेवू नये. उत्तर यंत्राने खुशाल काढावे. प्रश्न कोणी मांडायचा, हे लोकांनीच ठरविले पाहिजे.