टक्क्यांची सचोटी

विद्यापीठातील संगणकाच्या नैतिक वापराचा प्रश्न निघाला की हल्ली एक आकडा पुढे केला जातो : १०. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. ४० पर्यंत प्रबंध सुधारून पुन्हा सादर करायचा. ६० च्या वर गेल्यास नोंदणीच रद्द. आमचा आक्षेप या नियमाला नाही. आकडा हाती येताच हात झटकणाऱ्या प्राध्यापकवर्गाला आहे, आणि त्या वर्गात आम्हीही आलोच.

मराठीच्या प्रबंधांपुरते बोलू. जालना, अंबड, भोकरदन येथला संशोधक हस्तलिखित घेऊन डीटीपी केंद्रात जातो. तेथे मजकूर जर युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित झाला, तर पडद्यावर देवनागरी दिसते. आत मात्र रोमन चिन्हांचा गुंता असतो. तोच उतारा दुसरीकडे युनिकोडमध्ये असला, तर यंत्राला दोहोंत साम्य दिसणार कसे? अशा प्रबंधाला मिळालेले 'शून्य टक्के' हे सचोटीचे नव्हे, फाँटचे प्रमाणपत्र होय. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे. ही सबब केव्हाच संपली. यात नुकसान प्रामाणिक विद्यार्थ्याचेही होते. 'शोधगंगा'वर चढलेला त्याचा प्रबंध मराठी शब्द टाकून शोधणाऱ्याला सापडतच नाही.

मजकूर युनिकोडमध्ये आला तरी यंत्र मोजते ते शब्दांचे साम्य. हिंदी समीक्षाग्रंथातील विवेचन मराठीत उतरवले, वा मूळ वाक्यांतले शब्द पर्यायांनी बदलले, की टक्के घसरतात. चोरी जागच्या जागी राहते. तिला ओळखतो तो विषय जाणणारा वाचक.

'एवढी पाने वाचणार कोण?' असे विचारले जाते. मार्गदर्शक! त्याच विनियमांनी प्रबंध वाङ्मयचौर्यमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मार्गदर्शकाकडून मागितले आहे, यंत्राकडून नव्हे. न वाचता केलेली सही हीदेखील खोटी साक्षच.

तेव्हा युनिकोडखेरीज प्रबंध स्वीकारू नयेत. प्रत्येक प्रकरण मार्गदर्शकाने संदर्भांसह तपासावे. आणि मौखिकीत 'हे विधान कोठून आले?' हा प्रश्न निःसंकोच विचारावा. ज्याने स्वतः लिहिले आहे, त्याला या प्रश्नाचे भय वाटणार नाही. उत्तर देताना अडखळेल तो उसना विद्वान, आणि त्याच्यासोबत त्याच्या प्रबंधावर सही करणारा.