एकाच नावाचे दोघे

गेल्या रविवारी आमच्या वरच्या मजल्यावरचे आठवीतले चिरंजीव वाटीभर साखर मागायला आले आणि तासभर बसले. साखर तशीच राहिली. जाता जाता त्यांनी विचारलं, "काकू, तुम्ही रोज ऑफिसात जाता, पण तिथे नक्की करता काय?"

मी म्हटलं, "नावं सांभाळते."

"नावं? ती काय पळून जातात?"

हसू नका. पळून जात नसतील, पण हरवतात खरी! कधी एका माणसाची दोन नावं होतात, कधी दोन माणसांचं एक होतं. तसं होऊ नये म्हणून जे काम करावं लागतं, ते माझं काम. त्याला इंग्रजीत लांबलचक नाव आहे, डेटाबेस अॅडमिनिस्ट्रेटर. आपण सरळ नोंदी सांभाळणारी म्हणू या.

आमची संस्था काही विकत नाही. लोकांकडून देणग्या घ्यायच्या, खेड्यांतल्या शाळांना पुस्तकांच्या पेट्या पोचवायच्या आणि काही मुलांच्या फीची सोय करायची, एवढं तिचं काम. आता गंमत पाहा. आम्ही वापरतो तो प्रोग्रॅम मुळात दुकानदार आणि कंपन्यांसाठी तयार झालेला. त्यामुळे त्यात प्रत्येक नावासमोर 'कस्टमर' असं येतं. आमच्या अध्यक्षबाईंना हे मुळीच आवडत नाही. "पंचवीस वर्षं न चुकता पैसे देणारी माणसं, आणि त्यांना गिऱ्हाईक म्हणता?" शेवटी मी तो शब्द बदलून तिथे 'स्नेही' लिहिलं. देणगीदार, पेट्या उचलायला येणारे कार्यकर्ते, शाळांचे मुख्याध्यापक, सगळेच आमचे स्नेही.

स्नेह्यांची संख्या काही हजारांत आहे. आता एक सांगा. तुमच्या वर्गात ओंकार पाटील नावाचे दोघे असले, तर बाई काय करतात? हजेरी घेताना नुसतं नाव पुकारलं तर दोघंही "हजर" म्हणणार. म्हणून हजेरी क्रमांक असतो. सतरा म्हटलं की सतराच. आमच्याकडेही प्रत्येक स्नेह्याला एक क्रमांक दिलेला असतो, आणि एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या कुणाला कधीच द्यायचा नाही, असा नियम आहे. माणूस संस्था सोडून गेला तरी नाही.

ही युक्ती काही कॉम्प्युटरवाल्यांनीच शोधलेली नाही, बरं का! पत्रावर आपण पिनकोड लिहितो ना, ते तेच आहे. वडगाव नावाची गावं महाराष्ट्रात किती असतील? पिंपळगावं किती? त्यात पत्ता कुणी मराठीत लिहिणार, कुणी कन्नडमध्ये, कुणी बंगालीत. टपाल खात्यातल्या माणसांची नुसती तारांबळ व्हायची. तेव्हा श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांनी सहा आकड्यांची पद्धत आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती सुरू झाली. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. महाराष्ट्र आणि गोव्याचा ४ आहे. शेवटचे तीन आकडे थेट पोस्ट ऑफिस सांगतात. आणि हे वेलणकर कोण होते माहीत आहे? संस्कृतचे कवी! म्हणजे आकडे आणि अक्षरं यांचं भांडण असतं, असं जे आपल्याला वाटतं, ते काही खरं नाही.

तर आमच्या कॉम्प्युटरमध्ये मुख्य तक्ते दोन. एकात माणसं : क्रमांक, नाव, पत्ता, फोन. दुसऱ्यात पावत्या : तारीख, रक्कम आणि देणाऱ्याचा फक्त क्रमांक. पावतीच्या तक्त्यात नाव-पत्ता लिहायचाच नाही. का? समजा, एका बाईंनी वीस वर्षांत वीस देणग्या दिल्या आणि मग त्या साताऱ्याहून नाशिकला राहायला गेल्या. प्रत्येक पावतीपुढे पत्ता लिहिला असता, तर तो वीस ठिकाणी बदलावा लागला असता, आणि त्यातला एखादा हमखास राहून गेला असता. आता एकाच जागी बदलला की काम झालं. माहिती अशी तक्त्यांत मांडावी आणि तक्ते एकमेकांना क्रमांकांनी जोडावेत, ही कल्पना एडगर कॉड नावाच्या गणितज्ञाने १९७० मध्ये मांडली. ते आय.बी.एम. कंपनीत काम करत. बँका, रेल्वे, शाळा, सगळीकडे आज ती पद्धत वापरतात.

तुम्ही म्हणाल, मग अडचण काय? क्रमांक दिले की झालं! अहो, पण क्रमांक देणार कोण? माणूसच ना! आणि माणसापुढे येतं ते नाव. त्यातून आपली मराठी नावं! दीक्षित इंग्रजीत कुणी एक्स घालून लिहितो, कुणी के-एस-एच. लग्न झालं की काही मुलींचं आडनाव बदलतं, काहींचं नावसुद्धा. एका कागदावर 'सौ.', दुसऱ्यावर 'श्रीमती'. हे एकच अक्षर चुकलं तर घरातल्या माणसांना केवढं लागतं, ते मोठ्यांना विचारा. म्हणून एकाच माणसाची दुसऱ्यांदा नोंद झालीय का, हे मी दर महिन्याला शोधते. त्याला दुबार नोंद म्हणतात. सापडली की दोन्ही नोंदी एकत्र करायच्या. बटण एकच दाबायचं असतं.

त्या एका बटणाचीच ही गोष्ट आहे. नावं मी बदलली आहेत आणि आडनाव सांगणार नाही. का, ते पुढे कळेलच.

एका घरातल्या आजोबांचं नाव विष्णू गोविंद. त्यांच्या मुलाचं नाव गोविंद. मुलाला मुलगा झाला, तेव्हा आजोबांचंच नाव ठेवलं, विष्णू. आता या नातवाचं पूर्ण नाव काय झालं? विष्णू गोविंद! आडनाव तेच, घर तेच, गल्ली तीच. आजोबा दर दिवाळीत चेक पाठवायचे. नातू नोकरीला लागला आणि त्याने दर महिन्याला मोबाइलवरून थोडे थोडे पैसे द्यायला सुरुवात केली.

प्रोग्रॅमने मला सांगितलं, ही दुबार नोंद असावी. मी पाहिलं. नाव तेच, पत्ता तोच. एका नोंदीत घरचा फोन, दुसरीत मोबाइल. दोन्ही फोन एकाच माणसाचे असू शकतातच की! जन्मतारखेचा रकाना आजोबांच्या नोंदीत रिकामा, कारण ती जुन्या पावतीपुस्तकावरून उतरवलेली. आजोबांचा पॅन होता, नातवाचा नव्हता. दोघांचेही असते, तर तिथेच कळलं असतं, कारण पॅन दोन माणसांना सारखा कधीच नसतो. मी मनात म्हटलं, वा! मोबाइलवरून पैसे भरायला शिकलेले दिसताहेत! आणि बटण दाबलं. एक फोन करायला दोन मिनिटं लागली असती. त्या दिवशी माझ्यापुढे साठ-सत्तर जोड्या होत्या आणि मला घाई होती.

तीन महिन्यांनी त्या घरून फोन आला. आजोबा गेले. मी नोंद उघडून तसं लिहिलं. चार दिवसांनी नातवाचे नेहमीचे पैसे जमा झाले आणि प्रोग्रॅमने आपोआप पावती तयार करून त्याला पाठवून दिली. नावाआधी 'कै.' लावून.

दुपारी त्याच्या आईचा फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या, तेच जास्त वाईट होतं. म्हणाल्या, "माझा मुलगा माझ्यासमोर बसून पोहे खातोय, आणि तुम्ही त्याच्या नावाआधी हे काय लिहिलंत?" घरात दहावा-बारावा चाललेला. मला काय बोलावं ते सुचेना. कॉम्प्युटर चुकला असं म्हणायची हल्ली पद्धत पडली आहे. पण तो चुकला नव्हता. त्याने 'असावी' म्हटलं होतं, 'आहे' मी ठरवलं होतं. तसंच सांगितलं आणि माफी मागितली.

मग निस्तरायला बसले. आम्ही रोज रात्री सगळ्या नोंदींची प्रत काढून दुसऱ्या ठिकाणी ठेवतो. तिला बॅकअप म्हणतात. महिन्याची एक प्रत वर्षभर जपतो. तीन महिन्यांपूर्वीची प्रत होती, पण ती जशीच्या तशी परत घालता येईना, कारण मग मधल्या तीन महिन्यांतल्या सगळ्यांच्याच देणग्या पुसल्या गेल्या असत्या! म्हणून ती वेगळ्या कॉम्प्युटरवर उघडली, दोघांच्या जुन्या नोंदी पाहिल्या, नातवाला त्याचा पहिला क्रमांक परत दिला आणि पावत्या एक एक करून वाटल्या. चेकच्या आजोबांकडे, मोबाइलच्या नातवाकडे. दोन पावत्या उरल्या. रोख रकमेच्या. कुणाच्या?

कॉम्प्युटरला ते सांगता येईना. मी माळ्यावरून पावतीपुस्तक काढलं. स्थळप्रतीवर आमच्या जुन्या लेखनिकांनी कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं : "नातवाला घेऊन आले होते. पैसे नातवाच्या हातून." एवढी माहिती लिहायला माझ्या प्रोग्रॅममध्ये जागाच नव्हती! त्या दिवशी 'टीप' नावाचा एक नवा रकाना केला. आणि नियमही केला, की दोन नोंदी एकत्र करण्याआधी दोघांनी पाहायचं आणि एकाने फोन करायचाच.

हे सारं कशासाठी, असं चिरंजीवांनी विचारलंच. नुसत्या पत्रांसाठी नाही. करसवलतीची पावती देणाऱ्या संस्थांना २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून देणगीदारांची यादी आयकर खात्याला पाठवणं बंधनकारक झालं. एकाचे पैसे दुसऱ्याच्या नावावर गेले, तर त्या बिचाऱ्याला हेलपाटे पडणार.

मग त्यांनी हळूच आवाज खाली आणला. "काकू, आमच्या शाळेतले सर देतात का हो तुम्हाला पैसे? किती?"

नाही सांगितलं. घरीसुद्धा सांगत नाही. मला सगळ्यांचं सगळं दिसतं, पण दिसणं वेगळं आणि बोलणं वेगळं. ऑफिसातही प्रत्येकाला त्याच्या कामापुरतंच दिसेल, असं मी लावून ठेवलं आहे. पेट्या पोचवणाऱ्यांना शाळेचा पत्ता दिसतो, देणगीची रक्कम नाही. मागे एका कोचिंग क्लासच्या गृहस्थांनी आम्ही फी भरतो त्या मुलांची यादी मागितली होती. "फुकट नको, देणगी देतो," म्हणाले. त्यांना चहा दिला, यादी नाही. आपली माहिती खासगी राहणं हा आपला मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. २०२३ मध्ये संसदेने त्यासाठी कायदा केला. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायची तर आईवडिलांची संमती हवी, असं त्यात म्हटलं आहे. म्हणून पालकांनो, जत्रेतल्या लकी ड्रॉच्या चिठ्ठीवर मुलाचं नाव, शाळा आणि फोन नंबर लिहिण्याआधी ती चिठ्ठी नंतर कुठे जाते, तेवढं विचारत चला.

हे काम शिकायचं असेल, तर घरीच सुरुवात करता येते. वर्गातल्या पुस्तकांची यादी करा. एक तक्ता पुस्तकांचा, एक मुलांचा, आणि कुणी काय नेलं याचा तिसरा. 'श्यामची आई'च्या तीन प्रती असतील, तर त्यातली कुठली कुणाकडे आहे, हे त्या तीन तक्त्यांतून कळलं पाहिजे. नाही कळलं, तर काय राहिलं ते शोधा. चिरंजीवांना हेच सांगितलं. ते म्हणाले, करतो. अजून केलेलं नाही.

त्या दोन विष्णूंचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलंच. वर्षश्राद्धाच्या आधी नातू स्वतः ऑफिसात आला. आजोबांच्या नावाने एका शाळेला पेटी द्यायची होती. मी फॉर्म भरायला घेतला. देणगीदार : विष्णू गोविंद. कोणाच्या स्मरणार्थ : विष्णू गोविंद. पडद्यावर लगेच लाल चौकट आली, 'दोन्ही रकान्यांत एकच व्यक्ती दिसते. बरोबर आहे का?'

नातू खुर्ची पुढे ओढून पडद्याकडे पाहत होता. म्हणाला, "मावशी, हे बटण मी दाबू?"

मी माऊस त्याच्याकडे सरकवला. त्याने 'नाही, व्यक्ती दोन आहेत' यावर टिचकी मारली.