जागल्याची हाक आणि बालकांची सुरक्षा

जुन्या गावगाड्यात रात्रभर गस्त घालून लोकांना सावध करणाऱ्या माणसाला जागल्या म्हणत. आज हा शब्द एखाद्या संस्थेत राहून तिच्यातील गैरप्रकार उघड करणाऱ्या व्यक्तीसाठी वापरला जातो. हा जागल्या पोलीस खात्यातील असेल, उघड होणारा अपराध बालकांच्या लैंगिक शोषणाचा असेल आणि त्याचे बोट आपल्या ख्रिस्तसभेकडे वळलेले असेल, तर आपण काय करावे? ऑस्ट्रेलियातील दोन पोलीस अधिकाऱ्यांच्या हकिकतीतून हा प्रश्न आपल्यासमोर उभा राहतो. ही हकिकत ऐकायला प्रिय नाही. परंतु तिच्यातील धडा आपल्यालाही लागू पडतो.

पहिली हकिकत व्हिक्टोरिया राज्यातील मिल्ड्युरा या गावची. हे गाव बॅलरॅट धर्मप्रांतात मोडते. तेथे डेनिस रायन हे पोलीस खात्यात गुप्तचर अधिकारी होते. ते स्वतः कॅथोलिक होते. १९७१ साली गावचे प्रमुख धर्मगुरू मॉन्सिन्योर जॉन डे यांनी मुलांवर अत्याचार केल्याची तक्रार त्यांच्यापर्यंत पोहोचली. रायन यांनी चौकशी सुरू केली, तेव्हा एकामागून एक पीडित पुढे येऊ लागले. त्यांनी जबाब नोंदवून घेतले आणि धर्मप्रांताचे बिशप रोनाल्ड मल्कर्न्स यांनाही पत्राने कळवले. अशा जबाबांनंतर पोलीस खात्याने खटल्याची तयारी करणे अपेक्षित होते. घडले ते उलटेच. वरिष्ठांनी रायन यांना तपासापासून दूर केले आणि त्यांची बदली मेलबर्नला करण्याचे ठरवले. बदली म्हणजे गप्प बसवण्याचाच प्रकार आहे हे ओळखून १९७२ साली रायन यांनी नोकरीचा राजीनामा दिला. मॉन्सिन्योर डे यांना मिल्ड्युरा सोडावे लागले. पण काही काळाने त्यांच्याकडे दुसरा धर्मग्राम सोपवण्यात आला. १९७८ साली त्यांचे निधन झाले, तोपर्यंत त्यांच्यावर एकही आरोपपत्र दाखल झाले नव्हते.

येथे दोन संस्था एकमेकींना सांभाळत होत्या, हे लक्षात घेतले पाहिजे. धर्मगुरूंवर कारवाई केल्यास चर्चची बदनामी होईल, असे पोलीस खात्यातील काही वरिष्ठांना वाटत होते, आणि ते आपण श्रद्धेपोटीच करीत आहोत असेही त्यांना वाटत असावे. चर्चच्या अधिकाऱ्यांना पोलिसांच्या मौनाचा आधार मिळाला. या दोन्ही मौनांच्या मधोमध मुले सापडली. त्याच बॅलरॅट धर्मप्रांतातील जेराल्ड रिड्सडेल या धर्मगुरूला तक्रारी येत असतानाही एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात हलवले जात होते. पुढे न्यायालयाने अनेक मुलांवरील अत्याचारांसाठी त्याला दोषी ठरवले आणि २०२५ साली तुरुंगवासातच त्याचा अंत झाला. रायन यांना वेळीच काम करू दिले असते, तर किती मुले वाचली असती? या प्रश्नाचे उत्तर आता कोणालाच देता येणार नाही. व्हिक्टोरिया पोलिसांनी रायन यांची माफी मागितली ती २०१६ साली, म्हणजे राजीनाम्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी.

दुसरी हकिकत न्यू साऊथ वेल्स राज्यातील न्यूकॅसल परिसराची. पीटर फॉक्स या अधिकाऱ्याने तेथील मेटलंड-न्यूकॅसल धर्मप्रांतातील जेम्स फ्लेचर या धर्मगुरूविरुद्ध तपास केला. २००४ साली फ्लेचर दोषी ठरला आणि २००६ साली तुरुंगवासात असताना मरण पावला. या तपासातून फॉक्स यांची खात्री झाली की प्रश्न एका व्यक्तीपुरता मर्यादित नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्यांनी राज्याच्या मुख्यमंत्र्यांना खुले पत्र लिहिले आणि दूरचित्रवाणीवर मुलाखत दिली. चर्चमध्ये प्रकरणे दडपली जात आहेत आणि आपल्याला तपासापासून दूर ठेवण्यात आले आहे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. न्यूकॅसल हेराल्ड या वृत्तपत्राच्या पत्रकार जोआन मॅकार्थी कित्येक वर्षे पीडितांच्या कहाण्या छापत होत्या. पत्रकाराची चिकाटी आणि पोलीस अधिकाऱ्याचे धाडस एकत्र आले. मुलाखतीनंतर चारच दिवसांनी, १२ नोव्हेंबर २०१२ रोजी, पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी राष्ट्रीय पातळीवर रॉयल कमिशन नेमण्याची घोषणा केली.

या आयोगाने जवळजवळ पाच वर्षे काम केले. आठ हजारांहून अधिक पीडितांनी आयोगाच्या सदस्यांना खासगी भेटीत आपली व्यथा सांगितली. आयोगाने केवळ चर्चची चौकशी केली नाही. शाळा, अनाथाश्रम, क्रीडासंस्था, सरकारी सुधारगृहे आणि पोलीस या सर्वांच्या कारभाराची झडती घेतली. आश्रमातून पळून आलेल्या मुलांचे म्हणणे न ऐकता पोलिसांनी त्यांना पुन्हा त्याच दारात नेऊन सोडल्याची उदाहरणे समोर आली. तरीही आपल्याला मान खाली घालावी लागेल अशी बाब ही की धार्मिक संस्थांमध्ये छळ झाल्याचे सांगणाऱ्यांपैकी सुमारे ६२ टक्के लोकांनी कॅथोलिक संस्थांची नावे घेतली. छळ झाल्यापासून तो कोणाला सांगेपर्यंत पीडितांना सरासरी सुमारे चोवीस वर्षे लागली होती. डिसेंबर २०१७ मध्ये सतरा खंडांचा अहवाल सादर झाला. २०१८ साली पीडितांसाठी राष्ट्रीय भरपाई योजना सुरू झाली आणि त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला पंतप्रधानांनी संसदेत देशाच्या वतीने माफी मागितली.

परंतु या कथेची दुसरी बाजू सांगितली नाही तर ती अर्धवट राहील. राज्य सरकारने फॉक्स यांच्या आरोपांची चौकशी करण्यासाठी स्वतंत्र आयोग नेमला होता. त्याचा अहवाल मे २०१४ मध्ये आला. तपास इतर अधिकाऱ्यांकडे सोपवण्याचा वरिष्ठांचा निर्णय योग्य होता आणि फॉक्स यांची साक्ष काही बाबतींत विश्वासार्ह नव्हती, असे या आयोगाने म्हटले. मग फॉक्स खोटे ठरले काय? तसे म्हणता येत नाही. डेनिस मॅकॲलिंडन या दुसऱ्या धर्मगुरूच्या कृत्यांची माहिती चर्चच्या अधिकाऱ्यांना कित्येक वर्षे होती आणि ती पोलिसांना देण्यात आली नाही, हेही त्याच अहवालाने नोंदवले आहे.

यातून पहिला धडा मिळतो. जागल्या निर्दोष असतोच असे नाही. दीर्घकाळ एकटे पडलेल्या माणसाचा तोल कधी जातो, त्याच्या मनात राग साचतो, काही तपशील त्याच्याकडून चुकतो. त्याची प्रत्येक गोष्ट डोळे मिटून खरी मानावी असे नाही. पण त्याच्या स्वभावातील दोषांवर बोट ठेवून मूळ तक्रार बाजूला सारणे हा तर अन्यायच होय. आग लागल्याचे ओरडून सांगणाऱ्याचा आवाज कर्कश आहे म्हणून आग विझवायचे कोणी थांबत नाही.

दुसरा धडा अधिक महत्त्वाचा आहे. मुलांची सुरक्षा एखाद्या शूर माणसाच्या बलिदानावर अवलंबून राहता कामा नये. रायन यांना नोकरीवर पाणी सोडावे लागले, याचा अर्थ व्यवस्था नापास झाली. म्हणूनच बालशोषणाची माहिती मिळताच ती कळवणे कायद्याने बंधनकारक करण्याचा आग्रह ऑस्ट्रेलियातील आयोगाने धरला. ख्रिस्तसभेनेही या दिशेने पावले उचलली आहेत. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये जारी केलेल्या आज्ञापत्रानुसार धर्मगुरू व व्रतस्थ यांनी अशी माहिती धर्माधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक झाले. तक्रार करणाऱ्यावर सूड उगवण्यास आणि त्याच्यावर मौनाची अट लादण्यास मनाई करण्यात आली. देशाच्या कायद्याने घातलेली कर्तव्ये कायम राहतील, हेही स्पष्ट झाले. २०२३ साली ही नियमावली कायमस्वरूपी करण्यात आली.

प्रायश्चित्त संस्कारातील गुप्ततेचे काय, असा प्रश्न येथे विचारला जातो. ऑस्ट्रेलियातील काही राज्यांनी या गुप्ततेलाही सूट दिलेली नाही आणि तेथील बिशपांनी त्यावर तीव्र आक्षेप घेतला आहे. हा वाद गंभीर आहे. परंतु वर सांगितलेल्या प्रकरणांत ख्रिस्तसभेला ठाऊक असलेली माहिती पालकांच्या तक्रारींत, पत्रांत आणि कार्यालयातील कागदपत्रांत होती. संस्काराच्या पावित्र्याचा आधार घेऊन कागदपत्रांवरील धुळीचे समर्थन कोणालाही करता येणार नाही.

आपल्या देशात या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती ज्याला आहे, त्याने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. सद्‌भावनेने माहिती देणाऱ्यास कायदा संरक्षण देतो. कलम २१ नुसार माहिती दडवणाऱ्याला शिक्षा आहे, संस्थाप्रमुखाने दडवल्यास ती अधिक आहे आणि तक्रार न नोंदवणारा अधिकारीही तिच्यातून सुटत नाही. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्यानंतर गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पालकांना तासन्‌तास थांबावे लागले. लोक रेल्वेमार्गावर उतरले, पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मिल्ड्युरा आणि बदलापूर यांच्यात अर्ध्या शतकाचे अंतर आहे. पोलीस ठाण्याच्या दारात ताटकळणारे बालक मात्र तेच आहे.

मग आपल्या धर्मग्रामात आपण काय करू शकतो? मूल काही सांगू लागले की त्याला गप्प करू नये, उलटतपासणीही घेऊ नये. ऐकून घ्यावे आणि विश्वास ठेवावा. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक शाळेच्या, धर्मशिक्षण वर्गाच्या आणि चर्चच्या फलकावर लावावा. तक्रार कोणाकडे करायची, हे प्रत्येक पालकाला आधीच ठाऊक असावे. आणि कोणी शिक्षक, धर्मभगिनी, धर्मगुरू अथवा पोलीस शिपाई धाडसाने पुढे आला, तर चर्चचे नाव खराब करतो म्हणून त्याला वाळीत टाकू नये. वाटेत जखमी पडलेल्या माणसाला पाहून बाजूने निघून गेलेले दोघे मंदिराचे सेवक होते, हे प्रभू येशूने दाखल्यात मुद्दामच सांगितले आहे. चर्चचे नाव राखायचे असेल, तर आधी चर्चमधले मूल राखले पाहिजे.