डब्यावरचे नाव झिजवू नये

गिरगावच्या चाळी सोडून मुलुंड-बोरिवलीस आलेल्या कुटुंबांबरोबर पितळी डबेही आले. त्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नाव, गाव, क्वचित सालही कोरलेले आढळते. घराण्याचा हा लेखच. ताम्रपटाचा धाकटा भाऊ म्हणावा असा.

कल्हईने त्यास धोका नाही. भांडे तापवून नवसागर टाकतात आणि २३२ अंश सेल्सिअसला वितळणारे कथील कापसाने आतल्या बाजूस फिरवतात. आंबट पदार्थ पितळेस लागू नये, एवढ्यासाठी. बाहेरची अक्षरे शाबूत राहतात.

खरा शत्रू चकाकीचा सोस. दिवाणखान्यात मांडण्यासाठी यंत्रावर पॉलिश केले, की पितळेचा पृष्ठभाग झिजतो आणि अक्षरे बुजतात. मोडीत तर केवळ वजनाला भाव! कल्हईवाल्याकडे डबा देण्यापूर्वी त्या मजकुराचे छायाचित्र घ्यावे, आणि बाहेरून चकाकी नको, असे त्यास स्पष्ट सांगावे.